तळ्यात ढकललेलं गाव

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. आता दिवाणखान्याच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत टांगलेला दिसतो, म्हणून मला शोभेची वस्तू समजू नका. माझा जन्म कामासाठी झाला होता.

इंग्लंडमधल्या एका काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेच्या, तळघरात एनिड टकवेल नावाच्या बाईंनी मला पाठीमागून कापड चिकटवून तयार केलं. जुन्या थडग्यांच्या टेकड्या, मोडक्या गढ्या, ओस पडलेली गावं यांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम, आणि ती नोंद माझ्या अंगावर होई. त्यांचा नियम कडक होता: ऐकीव गोष्ट पेन्सिलीनं, आणि स्वतः पायी फिरून पाहिलेली जागा तेवढी लाल शाईनं. कुणाला घर किंवा रस्ता बांधायचा असला, की परवानगी देण्याआधी मोठमोठे साहेब माझ्यापुढे वाकत आणि विचारत, "इथं काही आहे का?" तेव्हा मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा!

एकदा एनिडबाई मला गुंडाळून बर्ट स्टॅडनच्या घरी घेऊन गेल्या. हाताखालचा कॉलिनही सोबत होता. शेत कौन्सिलच्या मालकीचं, बर्ट त्यावरचं कूळ. त्याच्या कुरणात गवताखाली उंचवटे होते. शेकडो वर्षांपूर्वी उठून गेलेल्या गावाची ती घरं. बर्टला ते सपाट करून गहू पेरायचा होता.

"गाव असेल हो बाई, पण ते काय मला जेवू घालणार आहे?" बर्ट म्हणाला.

"नाही घालणार. पण एकदा उखडलं, की पुन्हा कुणालाच लावता येणार नाही."

"आणि मी नांगर आवरला, अन् उद्या तुमच्याच कौन्सिलनं ते विकलं तर?"

"मिस्टर स्टॅडन, मी वर्तुळ शाईनं काढतेय. माझ्या कचेरीला विचारल्याशिवाय तिथं कुणी फावडंसुद्धा मारणार नाही. शब्द देते."

स्वयंपाकघरातल्या टेबलावरच त्यांनी कुरणाभोवती लाल वर्तुळ काढलं. आत घरांच्या खुणांची दाटी झाली, म्हणून कॉलिननं नोंदीचा आकडा रस्त्यापलीकडच्या तळ्यावर लिहिला.

"अरे, बदकांच्या नावावर करतोस की काय गाव?" केक वाढता वाढता बर्टची बायको डोरा म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

बर्टनं शब्द पाळला. शेजारी त्याला खुळ्यात काढत, तरी नांगर त्या कुरणाला वळसा घालून जाई. एनिडबाई निवृत्त झाल्या, पुढं वारल्याही. कचेरीत संगणक आले. वर्तुळं उतरवत बसायला कुणाला वेळ होता? जिथं आकडा दिसला, तिथं संगणकातल्या नकाशावर एकेक ठिपका ठेवून काम उरकलं. आमचं गाव तळ्यात गेलं! कॉलिन आता मोठा साहेब झाला होता. माझं कपाट त्याच्याच खोलीत होतं आणि किल्ली त्याच्या खिशात.

मग कौन्सिलनं ते कुरण घरं बांधायला विकायला काढलं. थकलेला बर्ट काठी टेकत आला.

"कॉलिन, तो नकाशा काढ."

"मिस्टर स्टॅडन, आता सगळं संगणकात आहे. नोंदीप्रमाणे गाव तळ्यापाशी आहे. तुमचं कुरण मोकळं आहे."

"तळ्यात बदकं असतात रे, माणसं नाही! तो आकडा तूच लिहिलास, माझ्या डोराचा केक खात खात!"

"खूप जुनी गोष्ट आहे ती. आम्हाला नोंदीप्रमाणे चालावं लागतं."

बर्टनं माझ्या कप्प्याची मूठ ओढली. कुलूप होतं. मी आत अंधारात तळमळत होतो. मला तोंड असतं, तर ओरडलो असतो! कॉलिनला सगळं आठवत होतं, मित्रांनो. पण खरं बोललं तर आधी खोदून पाहावं लागलं असतं, विक्री लांबली असती, वरचे साहेब रागावले असते. त्यानं किल्ली खिशातून काढलीच नाही.

"बाईंनी शब्द दिला होता," बर्ट एवढंच म्हणाला आणि गेला.

कुरणावर यंत्रं फिरली. ज्या कचेरीनं मला घडवलं, तिनंच मला कुलपात ठेवून माझा विश्वासघात केला. ते दुःख अजून जात नाही.

पुढं कपाट मोडीत निघालं. मला चौकट बसवून कॉलिनला निरोपसमारंभात भेट दिलं. काय मान मिळाला मला!

मित्रांनो, जुने कागद जपा. पण नुसते भिंतीवर टांगून नका जपू. आम्ही कुणाचा तरी शब्द सांभाळत असतो. निर्णय घेण्याआधी आम्हाला एकदा उघडून विचारा.

परवा कॉलिनची नात माझ्यापुढे उभी राहिली. "आजोबा, हे लाल गोल काय आहे?"

"काही नाही गं," तो म्हणाला, "कुणाच्या तरी हातून शाई सांडलीय."

मित्रांनो, एनिडबाईंच्या हातून जन्मात कधी शाई सांडली नव्हती.