ज्यांना फक्त माझी पाठ दिसते

मित्रांनो, मला मान नाही, नाहीतर ती आज खालीच असती. मी मातीचा एक लहानसा, जुना बांध आहे. ओहायोतल्या दोन टेकड्यांच्या मधोमध आडवा पडलो आहे. माझ्या पोटाशी तळे, पाठीमागे एक ओढा आणि ओढ्याच्या काठी एक छोटे घर.

ऑर्विल स्टुट्झ नावाच्या शेतकऱ्याने मला जन्म दिला. मुलांना पोहायला तळे हवे होते, म्हणून त्याने चिकणमातीचे थरावर थर घातले आणि प्रत्येक थर यंत्राने चेपून घट्ट केला. जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून एका कडेला दगडी सांडवा ठेवला. दर वसंतात तो कुत्र्याला घेऊन माझ्या पाठीवरून फिरे, उगवलेली झाडे उपटी, बिळे बुजवी. बायको हसायची, "इतकी काळजी कधी माझ्या पाठीची केलीत?" तो म्हणायचा, "तू फुटणार नाहीस गं, हा फुटेल."

ऑर्विल गेला आणि मुलांनी तळ्याकाठच्या जागा विकल्या. सुट्टीची घरे उभी राहिली, क्लब झाला, 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी लागली. मीही सगळ्यांच्या मालकीचा झालो, म्हणजे कुणाचाच राहिलो नाही. माझ्यावर शोभेसाठी विलोची झाडे लावली गेली. माथ्यावरून छोट्या गाड्या धावू लागल्या, त्यांच्या चाकांनी मधोमध चर पडला. माझे फोटो निघत, पण सगळे तळ्याच्या बाजूने. तो कौतुकाचा काळ आठवला की आज मला सर्वांत जास्त लाज वाटते. कारण तेव्हाच माझी पाठ ओली होऊ लागली होती.

ती ओल फक्त जूनीला दिसायची. ओढ्याकाठच्या घरात ती आपल्या तान्ह्या वेस्लीला घेऊन राहायची. ती सभासद नव्हती, तळ्यात पाय बुडवायचीही तिला परवानगी नव्हती. अंगणात ओले लंगोट वाळत घालताना ती माझ्याकडे बघायची, आणि मला वाटायचे, हिच्यासमोर मी असा भिजलेला!

क्लबाचे अध्यक्ष हॉल्डेमनसाहेब. आयुष्यभर लोकांचे विमे उतरवलेला माणूस. जुलैतल्या मासेमारीच्या स्पर्धेसाठी त्यांनी तळ्यात मोठाले मासे सोडले आणि ते पळू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडावर बारीक जाळी ठोकली. जूनी बाळाला कडेवर घेऊन वर आली.

"साहेब, पाणी जायची वाटच बंद केलीत की! आणि बांधाच्या मागे ओल आहे, या ना बघायला."

"अगं पोरी, उन्हाळ्यात माणसाला घाम येतो, तसा बांधालाही येतो. आणि जाळी काढली तर मासे थेट तुझ्या दारात! फुकटची मेजवानी हवीय होय तुला?"

क्लबातले लोक हसले. जूनीही हसली, पण वेस्लीला तिने जवळ ओढले. "मासे नाही आले तरी चालतील साहेब. तळं नको यायला."

मला ओरडून सांगावेसे वाटले, ती खरे बोलते आहे. पण मातीला तोंड कुठले?

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. वरच्या शेतांत कापून वाळत टाकलेले गवत वाहत आले आणि जाळीला चिकटले. सांडव्याचे तोंड बंद झाले. तळे चढत चढत माथ्यावरच्या चरापर्यंत आले आणि तिथून माझ्या पाठीवर उतरू लागले. विलोच्या मुळांशेजारून माझी माती सुटू लागली. ऑर्विलने चेपलेले थर एकेक करून निसटत होते, आणि मला ते धरवत नव्हते.

स्पर्धेचे काय करायचे ते बघायला हॉल्डेमनसाहेब छत्री घेऊन आले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या मागे वाकून पाहिले. पाणी गढूळ होते, माझी माती घेऊन चालले होते. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन लावला.

"जूनी, बाळाला उचल आणि वर ये! कपडेबिपडे काही घेऊ नकोस!"

"वर कुठं येऊ?"

"क्लबात! अगं पाटी राहू दे, ये तू!"

ती अनवाणी पळत, चिखलात घसरत, वेस्लीला छातीशी धरून टेकडी चढली. मी इतकेच म्हणत होतो, अजून थोडा वेळ, ती वर पोचेपर्यंत.

इकडे साहेब सांडव्याच्या तोंडाशी कमरेइतक्या पाण्यात उतरले. जाळीला साखळी बांधली, शेजाऱ्याने ती आपल्या गाडीने ओढली. जाळी तुटली. मासे, गवत, पाणी सगळे धडाडत सांडव्यातून गेले. मी उरलो. पण ओढ्याने जूनीच्या अंगणातला वेस्लीचा झोपाळा झाडाच्या फांदीसकट नेला.

"त्यात तो रोज दुपारी झोपतो," जूनी क्लबाच्या खिडकीतून बघत म्हणाली. दारात आलेल्या साहेबांच्या अंगावरून पाणी निथळत होते.

मग तळे रिकामे केले. झाडे मुळांसकट काढली, पाठ उकरून पुन्हा चेपली, चर भरला, जाळी परत लावली नाही. आता साहेब दर रविवारी आधी खाली जातात, जूनीच्या अंगणात उभे राहून माझी पाठ न्याहाळतात.

"घाम आलाय का साहेब आज?" ती विचारते.

"नाही गं पोरी," ते ओशाळून म्हणतात, "कोरडा आहे."

मित्रांनो, तुमच्या जवळ एखादे तळे असेल, तर त्यात उडी मारण्याआधी एकदा बांधाच्या मागे जाऊन या. तिथे कोण राहते ते बघा. ते काही सांगत असतील, तर ऐका.

मी आता पक्का आहे, असे सगळे म्हणतात. तरी आभाळ भरून आले की जूनी बाळाचे कपडे भरलेली पिशवी आणून दाराशी ठेवते. शेजारी वेस्लीचे चिमुकले बूट. वरच्या घरांतून ते कुणाला दिसत नाही. मला दिसते. पाऊस थांबून ती पिशवी पुन्हा आत जाईपर्यंत मी श्वास रोखून, अंग आवळून उभा असतो.