वहिनींची सही

गोरख रजिस्टर घेऊन स्वयंपाकघरात आला तेव्हा हर्षाली भाकरी थापत होती.

"हात पूस आन् इथं सही कर."

तिने पदराला हात पुसले आणि त्याने बोट ठेवलं तिथे सही केली. कशाचा ठराव, हे तिने विचारलं नाही. गोरखने खिशातून सरपंचाचा शिक्का काढला, सहीखाली उमटवला आणि परत खिशात टाकला.

आंबेगाव तालुक्यातल्या या गावात सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. त्या खुर्चीसाठी दहा वर्षं चपला झिजवलेल्या गोरखने मग बायकोला उभं केलं. निवडून आली ती आणि खुर्चीत बसला तो. गाव त्याला 'सरपंच' म्हणे, तिला 'वहिनी'. तालुक्याचे साहेबही चहा त्यालाच विचारत. कायद्याने बाईला दिलेलं घरातल्या घरात काढून घ्यायचं, ही रीत आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की आता तिची लाजही वाटत नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठाकरवाडीच्या साळुबाई उठल्या.

"वहिनी, अंगणवाडी आमच्या वाडीत व्हनार व्हती. ती तुमच्या मळ्याकडं कशी गेली? वाट उसातनं हाय. बिबट्या लई दिसतोय. बारकी पोरं धाडायची कशी?"

हर्षालीला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि ठरावावर सही तर तिचीच होती. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. ती साळुबाईंवर ओरडली,

"तुमाला काय कळतं त्यातलं? खाली बसा!"

साळुबाई गुमान बसल्या. चारजण हसले. "आज शोभलीस," रात्री जेवताना गोरख म्हणाला. त्या शाबासकीनंतर हर्षालीने ताट बाजूला सारलं.

पुढे मंचरच्या एका संस्थेतून समृद्धीताई येऊ लागल्या. त्या महिला सरपंचांना कोचिंग देत. "ह्या वयात कसला क्लास गं?" सासू हसली. गोरख मात्र दर गुरुवारी दारातच खुर्ची टाकून बसे. "मला बी ऐकू द्या की, ताई." तो समोर असला की हर्षाली नुसती मान हलवे.

तिसऱ्या गुरुवारी समृद्धीताई उठल्या. "चला, गावची पाण्याची टाकी दाखवा मला."

टाकीपाशी त्यांनी विचारलं, "साळुबाईंवर का ओरडलात?"

"मला उत्तर येत नव्हतं. ते लोकांना कळंल म्हणून भ्याले."

"मग दुसरं काय म्हणता आलं असतं?"

"म्हाईत न्हाई... असं."

"म्हणा बघू, मोठ्याने."

ती पुटपुटली. ताईंनी पुन्हा म्हणायला लावलं. उपदेश असा त्यांनी केलाच नाही, त्या फक्त विचारत राहिल्या. कोपऱ्यावर गोरख उगाचच फोन कानाला लावून उभा होता.

"आणि त्यांना कशाची भीती?"

"खुर्ची जाईल म्हणून." एवढी साधी गोष्ट आपल्याला आजवर कशी दिसली नाही, याचं हर्षालीला नवल वाटलं.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. अंगणवाडीच्या जागेचा शेवटचा कागद तालुक्याला जायचा होता. गोरखने तिच्या हातात पेन दिलं.

"आधी वाचा," ती ग्रामसेवकाला म्हणाली. त्याने गोरखकडे पाहिलं.

"त्यांच्याकडं नगा बघू. वाचा."

कागद वाचून झाला. हर्षाली उठली आणि साळुबाईंकडे वळली.

"साळुमावशी, त्या दिशी मला ह्यातलं काईच म्हाईत नव्हतं. न वाचता सही केली, आन् वर तुमालाच गप केलं. चूक माझी हाय. ह्या कागदावर मी सही करणार न्हाई. अंगणवाडी वाडीतच पायजे."

"घरी चल, मग बघतो," गोरख दात आवळून पुटपुटला.

तेवढ्यात साळुबाईंनी हाक मारली, "सरपंच!"

गोरखने सवयीने मान वळवली.

"तुमाला न्हाई, भाऊ. त्यास्नी."

दोघं मोटारसायकलवर घरी आली. उंबऱ्याशी हर्षालीने हात पुढे केला. "अहो, शिक्का द्या."

तो तिला ओलांडून आत गेला. आतून सासूचा आवाज चढू लागला. हर्षाली तशीच हात पुढे करून उभी राहिली.

ती अजून उभी आहे. तुमच्या गावच्या सरपंचबाईंचा शिक्का कुणाच्या खिशात आहे, हे एकदा विचारून बघा.