चार हातांची पेटी

हिरामण सुताराचा उजवा हात गेला तो एका मचव्याखाली. रेवदंड्याच्या खाडीकाठी दुरुस्तीला ओढून घेतलेला मचवा टेकूवरून कलला आणि हिरामणची बोटं त्याखाली चेंगरली. बोटं राहिली, पण पुन्हा कधी पटाशीभोवती नीट मिटली नाहीत. देश स्वतंत्र होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती.

हिरामण होड्यांची कामं करायचा, पण मुरूडपासून अलिबागपर्यंत त्याला ओळखत ते पेट्यांमुळे. बाहेरून साधी सागवानी पेटी दिसायची. कुलूप नाही, कडी नाही. कुठली पट्टी आधी सरकवायची, कुठला कोपरा दाबायचा हे ठाऊक नसेल तर माणूस घामाघूम व्हायचा आणि झाकण तसंच. लग्नात मुलीला हिरामणची पेटी दिली की सासरची माणसं आठवडाभर तिच्याभोवती बसायची.

हात गेल्यावर रंधा उचलला तो त्याच्या बायकोने, कोकिळाने. ती चौलच्या सुताराची मुलगी. लाकडाच्या वासात वाढलेली. आधी तिने पाट केले, पाळणे केले, बैलगाडीची जोखडं केली. हिरामण शेजारी बसून सांगायचा, मग सांगायचं कमी करत गेला, कारण सांगायच्या आधीच तिचा हात तिथे पोचलेला असायचा. गिऱ्हाइकं मात्र दारात येऊन म्हणायची, "हिरामणला सांग, काम झकास झालंय." कोकिळा "सांगते" म्हणायची आणि भुसा झाडायला लागायची.

अशात एका गावचं भांडण त्यांच्या ओटीवर आलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून चिडतात. गावात समुद्राकडे कोळीवाडा आणि वर नारळी-पोफळीच्या वाड्यांची आळी. देवी एकच. देवीचा चांदीचा मुखवटा, दागिने, छत्रीची उंच दांडी, सगळं एका पेटाऱ्यात असायचं आणि नवरात्रात बाहेर निघायचं. म्हातारा गुरव होता तोवर किल्ली त्याच्या कंबरेला होती. तो गेल्यावर किल्ली कुणाकडे यावरून जुंपली. शेवटी दोन कुलपं लावली, एक किल्ली कोळीवाड्याकडे, एक वरच्या आळीकडे. पुढच्याच वर्षी एक कुलूप फोडलेलं सापडलं. काही चोरीला गेलं नव्हतं, पण फोडलं कुणी यावरून देवीची पालखी त्या साली निघालीच नाही.

कोळीवाड्याचे धर्माजी नाखवा आणि वरच्या आळीचे अनंतभाऊ, दोघे एकाच दिवशी पण वेगवेगळ्या वाटांनी आले. ओटीच्या दोन टोकांना बसले. एकमेकांकडे बघत नव्हते.

"किल्लीच नसलेली पेटी पायजे," धर्माजी नाखवा म्हणाले. "पण ती एकट्यादुकट्यानं उघडता येता कामा न्हाय."

"आमच्याशिवाय यांना उघडता येऊ नये," अनंतभाऊंनी भिंतीला सांगितलं.

हिरामणने आपला वाकडा पंजा पुढे केला. "माझ्यानं व्हायचं न्हाय. ही करील."

नाखवा दचकले. "हिरामण, तुझं नाव ऐकून आलो. बाईमाणसाच्या हातून देवीचं काम?"

कोकिळा आतून पाणी घेऊन येत होती. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "देवी काय बाप्या हाय का, नाखवा?"

अनंतभाऊ खुदकन हसले. नाखव्यांनाही हसू येत होतं, पण समोरचा हसला म्हणून त्यांनी ते मिशीतच दाबलं. काम कोकिळाकडे आलं.

तिने पेटी मनात जुळवली ती अशी. पेटी लांबच लांब, छत्रीची दांडी आडवी मावेल एवढी. एका टोकाला कोळीवाड्याच्या पट्ट्या, दुसऱ्या टोकाला वरच्या आळीच्या. इकडची पहिली पट्टी सरकली की आतली लाकडी खुंटी खाली पडायची आणि तिकडची पट्टी मोकळी व्हायची. ती सरकली की पुन्हा इकडची पाळी. शेवटी दोन्ही टोकं एकदमच आत दाबायची, तेव्हा झाकण सुटायचं. एका माणसाने हात कितीही ताणले तरी दोन्ही टोकं गाठता येणार नाहीत.

उन्हाळ्यात पेटी तयार झाली. रुंद पट्ट्यांवर तिने वेलबुट्टी कोरली. हिरामण एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला बसली आणि झाकण लोण्यासारखं सरकलं. बघायला आलेल्या शेजारणी हरखल्या. मनुबाई म्हणाली, "आता नेऊन दे, नि बांगड्या घे चांगल्या."

"पावसाळा जाऊ दे," कोकिळा म्हणाली. "नवरात्र पावसाच्या पाठीवर येतं. पेटीनं पाऊस बघितला पायजे."

पेटीने पाऊस बघितला आणि श्रावणात ती अडकली. इकडची पट्टी हलली, तिकडची जागची हलेना. कोकिळाने गुडघा टेकून ओढली, हिरामणने डाव्या हाताने ठोकली. आतलं लाकूड फुगून बसलं होतं.

"जरा रंधा मारून सैल कर," हिरामण म्हणाला.

"सैल केली तर उन्हाळ्यात खुळखुळेल. हलवली की कुठली पट्टी सुटी ते कुणालाबी कळेल."

"मग काय करशील? दिवस कुठं हायेत?"

तिने पटाशी घेतली आणि स्वतःच्या हातांनी सांधे उकलायला सुरुवात केली. हिरामणने तोंड फिरवलं. वेलबुट्टीची पट्टी निघताना चिरफळली, तो आवाज त्याला ऐकवेना.

चूक तिला दिसली होती. दिसायला छान म्हणून पट्ट्या रुंद घेतल्या होत्या. लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत फुगत नाही. जेवढी रुंद पट्टी तेवढा फुगवटा मोठा. आता तिने पट्ट्या अंगठ्याएवढ्या अरुंद करायचं ठरवलं. आणि लाकूडही बदललं. खाडीच्या चिखलात एका मोडक्या गलबताचं सागवान पडलं होतं, जन्मभर पाणी पिऊन आणि उन्हात वाळून आता शांत झालेलं. मालकाने हसत नेऊ दिलं. ते इतकं कठीण होतं की करवतीला दर थोड्या वेळाने धार लावावी लागे. पाऊस छपरावर कोसळत असायचा आणि खाली ती कापत, घासत, खाचांना मेण चोळत असायची. वेलबुट्टी या वेळी केली नाही. हिरामण एकदा म्हणाला, "ही पहिल्यापेक्षा देखणी दिसते." ती त्याच्याकडे बघतच राहिली, कारण तो उगाच बोलणाऱ्यातला नव्हता.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी पेटी देवळात गेली. कोकिळाने आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवून आपापल्या पट्ट्या शिकवल्या होत्या. आत देवीचं सगळं साहित्य ठेवून पेटी बंद केली. मग सभामंडपात सारा गाव जमला, कोळीवाडा डावीकडे, वरची आळी उजवीकडे. आदल्या दिवसापासून पाऊस होता. देवळाचे खांबसुद्धा ओले लागत होते.

नाखवा एका टोकाला बसले, अनंतभाऊ दुसऱ्या टोकाला. नाखव्यांनी पहिली पट्टी सरकवली. सरकली. लगेच त्यांनी दुसरीला हात घातला. ती हलेना. त्यांनी जोर लावला, कपाळाची शीर फुगली.

"अडकली!" मागून कुणीतरी म्हणालं. "तरी सांगत व्हतो, बाईचं काम."

हिरामण पुढे व्हायला निघाला. कोकिळाने त्याला हातानेच थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नाखवा, जोर नको. पेटी चांगली हाय. मधी भाऊंची पाळी हाय, ती तुमी खाल्ली."

नाखव्यांनी हात काढला. अनंतभाऊ खाली मान घालून बसले होते. त्यांना कुणी विचारल्याशिवाय ते हलणार नव्हते. नाखव्यांनी घसा खाकरला. दोन वर्षांत त्या माणसाशी ते एक शब्द बोलले नव्हते.

"भाऊ," ते म्हणाले, "सरकवा तुमची."

अनंतभाऊंनी सरकवली. "झाली. आता तुमची, नाखवा."

"ही घ्या. आता?"

"माझी. झाली."

असं इकडून तिकडे चाललं. दोघांच्या आवाजातला ताठा हळूहळू उतरत गेला. पुढे पुढे तर मासेमारीला निघालेली माणसं दोर ओढताना बोलतात तसे ते बोलू लागले. शेवटी दोघांनी एकमेकांकडे बघितलं, बघावंच लागत होतं, आणि एकदम दाबलं. आत बारीक खट् झालं. ओल्या हवेत झाकण सुळकन सरकलं आणि समईच्या उजेडात देवीचा मुखवटा चमकला.

बायकांमधून देवीच्या नावाचा पहिला गजर उठला, मग ढोल सुरू झाले. गर्दीतून अनंतभाऊ हिरामणजवळ आले. "हिरामण, काय पेटी केलीस रे!"

एरवी हिरामण हसून गप्प बसला असता. आज त्याने मान ताठ केली. "मी हात लावलेला न्हाय, भाऊ. ही कोकिळाची पेटी. असली मला कधी जमली नसती." चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. त्याने ते मुद्दाम मोठ्याने घेतलं.

नाखवा उठून कोकिळासमोर आले. सकाळी देवीला वाहिलेली ओटी नव्या गुरवाने त्यांच्या हातात दिली होती, ती त्यांनी तिच्या पदरात घातली. "बाय, बोललो ते इसर."

"इसरले," कोकिळा म्हणाली. "पण पुढच्या साली पट्ट्यांना मेण लावायला मलाच बोलवायचं. दुसरं कुणी हात लावायचा न्हाय."

"तुझ्याबिगर कोण लावील?"

त्या गावात भांडणं पुढेही होत राहिली, वाळूवर मासळी सुकवण्याची जागा, विहिरीचं पाणी. पेटी मात्र दर नवरात्रात चार हातांनी उघडत राहिली. रेवदंड्याच्या त्या ओटीवर लोक काम घेऊन येत राहिले, कुणी अलिबागहून, कुणी काशीदहून, आणि आता दारातून हाक मारायचे, "कोकिळा सुतारीण हाय का घरात?"

हाकेला ओ द्यायचा तो हिरामण. पाहुण्याला पाणी देऊन म्हणायचा, "बसा. ती कामात हाय. थांबावं लागंल."