गोळीचं कवच

"हाई देख," म्हणत सुंदरबाईंनी पिशवीतून मलमाची रिकामी डबी काढली आणि लेकीच्या हातात दिली. नूतनने झाकण उघडलं. आत धुऊन-वाळवून ठेवलेल्या फिक्या गुलाबी गोळ्या होत्या.

धुळ्याच्या दवाखान्यात समोरच्या खाटेवर तिचे वडील, मगनआबा, पडून होते. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, नाकात नळी.

"जश्या गिळ्यात तश्याच निंघन्यात. तुना आबानी धोयीसन ठेयात. म्हने, दुकानदारना तोंडवर फेकसू. महिना व्हयना, बंदच करी दिन्यात."

"माय! अगं, मला एक फोन तरी करायचा!"

"संडासनी गोट बाप पोरले सांगस का?"

नूतन जळगावच्या एका औषध कंपनीत गोळ्यांच्या घडणीवर काम करायची. आबांची ब्लडप्रेशरची दुपारची गोळी हमखास राहायची, म्हणून तिनेच डॉक्टरांच्या मागे लागून दिवसाला एकच पुरणारी गोळी लिहून घेतली होती. त्यातलं औषध पाण्यात विरघळता विरघळत नाही. म्हणून ते एका टिकाऊ कवचात भरतात आणि कवचाला बारीक छिद्र पाडतात. पोटातलं पाणी आत शिरलं की तळाचा थर फुगतो आणि औषधाला दिवसभर थोडं थोडं बाहेर ढकलत राहतो. चावू नका, तोडू नका, असं तिने आबांना दोन-दोनदा बजावलं होतं. रिकामं कवच नंतर शौचातून पडतं, तेवढं मात्र वडिलांसमोर तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

तिने एक गोळी नखाने दाबली. ती फाटली. आत औषधाचा कणही नव्हता, नुसता फुगून वाळलेला थर.

"माय, औषध आबांच्या अंगात गेलं होतं गं. हे नुसतं टरफल आहे."

"आते माले काय दखाडस? त्यासले दखाड."

नूतन खाटेपाशी गेली. आबांनी डबी पाहिली आणि होतं नव्हतं ते बळ लावून तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने डबी पाठीमागे नेली.

तेवढ्यात सिस्टर आली. "ती जुनी गोळी आता नाही चालायची, कुटून तर नाहीच. ही साधी आहे. बारीक करून पाण्यात कालवा, नळीतून देऊ."

सुंदरबाईंनी वाटीत चमच्याच्या पाठीने गोळी रगडली. पाणी घालून ढवळलं. वाटी खिडकीच्या उजेडात तिरपी करून बूड निरखलं.

"हाई चांगली शे," त्या समाधानाने म्हणाल्या. "बठ्ठी इरघळी गयी."

नूतनने नळी वर धरली.