ओल्या फरशीवरच्या दोन रेघा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल, आणि ही हकीकत मी साखळीत अडकल्या अडकल्याच सांगते आहे. बुटक्या छताची एक लांबट शेड आहे. तिच्या एकुलत्या एका खिडकीच्या काचेला कुणीतरी निळा रंग फासून ठेवला आहे, त्यामुळे दिवस उजाडला की मावळला हे आम्हाला शटरच्या फटीवरून कळतं. आम्ही बाराजणी ओळीने उभ्या असतो आणि सगळ्यांच्या पुढच्या चाकांतून एकच लोखंडी साखळी ओवलेली असते. भिंतीकडून चौथी, लाल रंगाची, ती मी. हा लाल रंग माझा मूळचा नव्हे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे सरकत्या पट्ट्यावर कुणी मला चाकं दिली, कुणी दिवा, कुणी हॉर्न. माझी पहिली मालकीण घरोघर जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणारी नर्स होती. सात वर्षं मी तिला आणि तिच्या औषधांच्या पेटीला वाहिलं. रविवारी ती पायरीवर बसून जुन्या टूथब्रशने माझी चेन घासायची. शेजारीण चिडवायची की नवऱ्यालासुद्धा एवढं जपत नसशील. त्यावर ती म्हणायची, नवरा वाटेत बंद पडला तर निदान आपल्या पायांनी घरी येतो.

पुढे तिचे गुडघे दुखायला लागले आणि तिने मला एका तरुणाच्या हवाली केलं. तो वाईट नव्हता हो, फक्त त्याला नेहमी उशीर झालेला असायचा. एका वळणावर रस्त्यावर तेल सांडलं होतं. तिथे आम्ही दोघंही आडवे झालो. त्याचं मनगट मोडलं आणि माझी मान वाकली. हँडल सांगाड्याला जिथे जोडलेलं असतं ना, त्या जागेला मेकॅनिक मान म्हणतात. त्याच्या मनगटाला प्लास्टर मिळालं, माझ्या मानेला रंग.

रंग दिला तो मामाने. मामा म्हणजे या शेडचा मालक, जुन्या गाड्या घेऊन विकणारा. सगळे त्याला मामा म्हणतात आणि तोही सगळ्यांना भाच्यासारखं वागवतो, किमतीचा विषय निघेपर्यंत. त्याने माझी मान ठोकून ठोकून सरळ दिसेल इतकी केली, खड्ड्यांत पुट्टी भरली आणि वरून लाल रंग मारला. हळू चालवलं तर मी छान चालते. वेग वाढला की मात्र माझं हँडल थरथरू लागतं आणि मी एका अंगाला ओढते. हे मला ठाऊक होतं, मामाला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

अशी मी चौदा महिने उभी होते. मित्रांनो, उभं राहून राहून टायरची जमिनीला टेकलेली बाजू चपटी होते. टाकीतल्या पेट्रोलला शिळा वास येतो. शटर उघडलं की बाराही जणी मनातल्या मनात ताठ होतात, आणि गिऱ्हाईक पुढे गेलं की पुन्हा गप्प. मला फक्त बाहेर जायचं होतं. कसंही, कुणाच्याही हाती.

एके दिवशी सकाळी एक जोडपं आलं. त्याचं चष्म्यांच्या काचा घासायचं काम होतं. बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी बसली होती. तिच्या खांद्याला पिशवी, कडेला चार वर्षांची चिंगी. ती बाई आत आल्याआल्या सगळीकडे नजर फिरवू लागली. खिळा कुठे वर आला आहे, साखळीत मुलीचा पाय अडकेल का, कुठल्या गाडीचा सायलेन्सर मुलीच्या पोटरीच्या उंचीवर येतो. असं डोळ्यांत तेल घालून पाहणारं गिऱ्हाईक मामाला मुळीच आवडत नाही.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळं समजलं. चिंगीचं पाळणाघर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दोन बस बदलून, बहुतेक वेळा उभ्यानेच जावं लागे, आणि येताना मुलगी आईच्या मांडीला टेकून उभ्याउभ्याच झोपे. नवी गाडी दुकानात सांगून ठेवली तर अडीच महिन्यांनी मिळणार होती. जुनी घेतली तर आजच. नवरा म्हणत होता, आजच नेऊ. तिला आज हवीही होती आणि जुनी घ्यायचा धीरही होत नव्हता.

तिच्या नवऱ्याला मीच आवडले. त्याने माझ्या सीटवर थाप मारली आणि माझा जीव सुपाएवढा झाला. मामाने साखळी सोडली. गल्लीत एक चक्कर झाली, पण गल्ली जेमतेम चारशे पावलांची. माझी थरथर सुरू व्हायच्या आतच ती संपली. परत येताना तो खुशीत शीळ घालत होता. खरं सांगू? मला तोंड असतं तरी त्या वेळी मी ते उघडलं नसतं. बाहेर पडायच्या आशेने मी गप्पच राहिले असते. मग त्याने चिंगीला उचलून माझ्या टाकीवर बसवलं. तिच्या इवल्या मुठी हँडलच्या मधोमध, बरोबर माझ्या मानेवर आल्या. तेव्हा मात्र मला ते तेल सांडलेलं वळण आठवलं.

मामा रोज सकाळी फरशीवर पाणी मारतो, गाड्या चकचकीत दिसाव्यात म्हणून. चिंगीला खाली उतरवल्यावर नवऱ्याने मला ओल्या फरशीवरून ढकलत कोरड्या भागात नेलं. माझ्यामागे चाकांचे ओले माग उमटले. चिंगीला कुठलीही रेघ दिसली की तिच्यावरून चालायची खोड. ती चालू लागली, आणि एक पाय एकीकडे, दुसरा पाय दुसरीकडे टाकत चालली.

आई तिच्याकडे बघत होती. मग तिने खाली फरशीकडे पाहिलं.

"अरे, थांब जरा," ती नवऱ्याला म्हणाली. "या गाडीच्या दोन रेघा का उमटल्यात?"

नवरा वाकला. दोन रेघांत दोन बोटांचं अंतर होतं. मामा हसून म्हणाला की चाक आवळताना जरा तिरकं बसलं असेल, त्यात काय एवढं. त्याने पाना आणला, मागचं चाक सैल करून पुन्हा बसवलं. मला परत ओल्यातून ढकललं. पुन्हा दोन रेघा. तिने शेजारची काळी गाडी ढकलून बघायला सांगितलं. तिची एकच रेघ उमटली, मागचं चाक पुढच्याच्या मागावरूनच गेलं.

चष्मेवाला गुडघ्यांवर बसला, एक डोळा मिटून माझ्याकडे समोरून बघत राहिला. काचेचा अक्ष केसभर चुकला तरी माणसाचं डोकं दुखतं, हे त्याला रोजच्या कामाने माहीत होतं. उठला तेव्हा शीळ बंद झाली होती.

"मामा, ही पडली होती का?"

मामाने खांदे उडवले. "जुनी गाडी आहे. पडली असेल कधीतरी."

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, चिंगीला मात्र जवळ ओढून घेतलं.

"मला जुनीची भीती नव्हती हो. हिला काय झालंय ते कुणी सांगणारच नाही, याची होती. अडीच महिने आणखी उभ्याने जाऊ आम्ही."

"खरं सांगून विकली तर घेणार कोण, वहिनी?"

"सुटे भाग लागतात तो घेईल. इंजिन चांगलं आहे म्हणता ना? मग भाग सोडवून विका. अख्खी विकू नका. कुणीतरी आपलं मूल बसवेल तिच्यावर."

ते गेले. बस थांब्याकडे जाताना नवऱ्याने मुलीला खांद्यावर घेतलं होतं. मामा फरशीवरच्या रेघा वाळेपर्यंत बघत उभा राहिला. मग त्याने मला ओळीत ढकललं आणि साखळी ओवली.

मित्रांनो, सुरुवातीला मला त्या बाईचा फार राग आला. बाहेर जायचं ते तुकड्यातुकड्यांनी? पण इथे विचार करण्यावाचून दुसरं काम नाही. माझं इंजिन धडधाकट आहे. दिवा लख्ख आहे. दोन्ही ब्रेक अजून शब्दाला जागतात. ते कुणाच्याही गाडीत निर्धास्त जावेत. ही मान मात्र कुणाच्या वाट्याला येऊ नये. तेव्हा तुमच्या घरी गाडी घ्यायची ठरेल तेव्हा नवी की जुनी एवढ्यावरच वाद घालू नका. तिला काय काय झालं आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि तुमची गाडी कधी पडली तर तिला रंग देण्याआधी सरळ करा. सरळ होत नसेल तर तसं मोकळेपणी सांगा.

आज सकाळी शटर वर गेलं. बाहेर कुणीतरी उभं आहे, बोलण्याचा आवाज येतो आहे. मामा वाकून साखळी ओढतो आहे, पहिलीच्या चाकातून, दुसरीच्या, तिसरीच्या. आता माझ्या. त्याच्या उजव्या हातात काहीतरी आहे. पाना आहे की किल्ली, ते मला इथून दिसत नाही.