चेटकीण ओळखणारं मलम

देवळापुढं अख्खी वाडी उभी होती आणि कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. एवढी माणसं, आणि ऐकू काय येत होतं, तर कुणाच्या तरी कडेवरच्या पोराचा खोकला. पासली गावाच्या वरच्या अंगाची ती वाडी, साल एकोणीसशे छत्तीस, पौषातलं धुकं. मी भोरहून देवी टोचायला आलो होतो. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

गेलं नव्हतं. खांबाला बांधलं होतं. सोनबाची बायको भिमा, वय असेल अठरा-एकोणीस. तोंड एवढं सुजलेलं, की डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी. गालांवर पाण्यानं भरलेले फोड. तिच्यासमोर रखमाजी भगत हातात मलमाची डबी घेऊन उभा.

"हे देवीचं मलम हाय," तो म्हणत होता. "रानातला मध, मोहळाचं मेण, अन् वर देवीचा काळा प्रसाद. चांगल्याच्या गालाला लावलं, तर गाल लोन्यावानी मऊ. पाप्याच्या गालाला लावलं, की आतलं भाईर. हितं वशिला चालत न्हाई."

म्हणजे बघा, फौजदाराला वर्षानुवर्षं हुडकून न सापडणारी पापं या गृहस्थाला एका डबीत सापडत होती.

प्रकार असा. थंडीत गाल उलतात, टाचा फुटतात. म्हणून पौषात वाडीतल्या सगळ्या बाया भगताचं मलम लावायच्या, आणि बहुतेकींना गुण यायचा. पण एखादीचं तोंड सुजलं, की ती चेटकीण. मग आतलं सगळं बाहेर यावं म्हणून तेच मलम पुन्हा लावायचं, तेही घरातल्या थोरल्या बाईच्या हातानं. तीनदा लावून सूज उतरली नाही, तर वेशीबाहेर. भिमाला दोनदा लावून झालं होतं. तिसरी खेप मंगळवारी. आज शुक्रवार.

मी जवळ गेलो. बुटांच्या आवाजावरून तिनं सरकारी माणूस ओळखला.

"रावसाहेब, म्या कायबी केलं न्हाई," ती हळूच म्हणाली. "पर आता माजं मलाच वाटाय लागलंय, असंल कायतरी आत."

हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलंय. त्याला बारा वर्षं झाली, अजून उतरलेलं नाही. भुताबितावर माझा काडीचा विश्वास नाही, पण असली वाक्यं झपाटतात.

माझं टाळकं सटकलं होतं. तरी आवाज खाली ठेवून म्हणालो, "रखमाजी, तुमचं मलम पापच ओळखतं ना? मग नुसत्या बायांनाच का? सगळ्या वाडीला लावू. तोंडाला नको, दंडाला. मंगळवारी बघू कोण पापी निघतंय. तोवर पोरीला सोडा."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. भगताला नाही म्हणता येईना. म्हणाला असता, तर देवीवर त्याचाच भरवसा नाही असं झालं असतं.

भिमाचं तोंड मी नुसत्या गार पाण्यानं धुवायला लावलं. मग सोनबाला एकीकडं घेतलं. भगताला मोहळं काढून द्यायचा तोच.

"काळा प्रसाद कुठला रे?"

त्यानं आधी मागं वळून बघितलं. मग म्हणाला, "दावतो, पर म्या दावला म्हनून सांगू नगा."

ओढ्याच्या वर एक पोकळ झाड होतं. ढोलीत चिलटाएवढ्या मधमाश्या, न डसणाऱ्या. ढोलीच्या तोंडाला त्यांनी काळा चिकट डिंक थापला होता. या माश्या झाडांचा चीक गोळा करतात आणि घर लिंपतात. आजूबाजूला झाडं कसली? सगळी बिब्ब्याची.

थोडा डिंक घेऊन परत आलो आणि पुढं आलेल्या वीसेक जणांच्या दंडावर मलमातल्या जिनसांचे तीन तीन ठिपके लावले. एक मधाचा, एक पिवळ्या मेणाचा, एक काळ्या डिंकाचा. भिमाच्याही, अंबूबाईच्याही. अंबूबाई म्हणजे भिमाची सासू. बाईनं सुनेकडं एकदाही पाहिलं नाही.

ते चार दिवस वाडीत एकच चाळा होता. जो तो बाही वर करून दंड बघायचा आणि झाकायचा. आपल्याच कातडीची एवढी भीती मी कुठं पाहिली नाही.

मंगळवारी बाह्या वर झाल्या. सगळ्यांचे मधाचे ठिपके कोरे, मेणाचे कोरे. काळा ठिपका तिघांचा उठला. भिमाचा, एका तरण्या गड्याचा, आणि पाटलांच्या म्हाताऱ्या आईचा, बाळाबाईंचा. बाळाबाई म्हणजे ज्यांच्या पाया पडल्याशिवाय वाडीत पेरणी होत नव्हती.

भगत पुटपुटला, "देवी परीक्षा बघती."

"माजी?" बाळाबाई काठी टेकत पुढं आल्या. "तुज्या जन्माच्या टायमाला तुजी नाळ म्या कापली रखमाजी. आता माजं पाप काढतोस व्हय? दाव तुजा हात."

मलम तो नेहमी पानानं काढायचा, बोटानं कधीच नाही. म्हातारीनं त्याचा पंजा धरून उजेडात उलटा केला. बोटांच्या बेचक्यांत जुने काळे डाग, सोललेली कातडी.

"मला उततंय ते, फोड येत्यात," भगत खाली बघत म्हणाला. "पयल्यापासनं."

मी लोकांना विचारलं, "बिब्बा कुणाला उततो, कुणाला उतत नाही. ज्याला उतला, त्याला तुम्ही चेटक्या म्हणता का? या डिंकात तोच चीक आहे. दहा-वीस बायांत एखादीला उतायचाच. याला ते ठाऊक होतं, म्हणून दर पौषात याला एक चेटकीण सापडायची आणि तिच्यावरून उतरून टाकलेला बोकड याच्या घरी जायचा."

भिमाचा एक डोळा उघडला होता. सोनबा तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता लोक भगतावर धावतील. कुणी हललं नाही. सगळे अंबूबाईकडं पाहत होते.

ती खाली बसली होती. आपले दोन्ही तळवे समोर धरून बघत होती.

"मग माजी ठकू?" ती म्हणाली.

ठकू तिची लेक. दोन पौषांमागं माहेरपणाला आली होती. तीनदा मलम लावलं ते आईनंच. वेशीबाहेर घातल्यावर चौथ्या दिवशी ओढ्यात सापडली.

"आई, मला दिसत न्हाई, म्हनत हुती," अंबूबाई म्हणाली. "म्या अजून लावलं."

मी पेटी उघडली, पोरांना देवी टोचल्या आणि डोंगर उतरलो.

आता तुम्हाला सांगतो. रानातलं आहे, मधमाशीचं आहे, घरी केलंय, म्हणून ते प्रत्येकाला मानवेलच असं नाही. आधी दंडाला टिकलीएवढं लावा आणि चार दिवस थांबा. लाल झालं, खाजलं, तर धुऊन टाका आणि पुन्हा लावू नका. आणि कुणाचं तोंड सुजलं, तर त्या माणसानं काय केलं ते विचारू नका. त्याला काय लावलं ते विचारा.