पाय कुणाचे, धाप कुणाची

"पुन्हा! ताई, हे आजोबा नातीला बघायला निघालेत की वीजबिल भरायला?" काचेपलीकडून दिग्दर्शक कळवळला.

पावलंताई खळखळून हसल्या, पण आतून चांगल्याच खट्टू झाल्या. बावीस वर्षं स्टुडिओत पावलांचे आवाज काढून त्या सिनेमातल्या माणसांना आपले पाय उसने देत होत्या. नायिकेच्या टाचा त्याच, फौजदाराचे बूटही त्याच! आज पडद्यावर नुसतं बंद दार होतं. आत बाळंतीण लेक, बाहेर जिना चढणारे आजोबा. ते दिसणारच नव्हते, म्हणजे त्यांचा सगळा आनंद पावलांतूनच ऐकू यायला हवा होता.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाही जमलं तर तयार आवाज लावू," दिग्दर्शक म्हणाला.

तयार? म्हणजे कुणाचेही पाय? ताईंना ते फार झोंबलं. म्हातारा माणूस म्हणून त्यांनी पुरुषी बुटांत कापूस कोंबला होता, कमरेला वाळूची पिशवी बांधली होती. बारा वेळा फळीवर जागच्या जागी जिना चढून झाला. एक पाऊल चुकलं नाही आणि एकही हसलं नाही!

त्यांनी सरळ घरी फोन लावला. "बाबा, माझी छकुली झाली तेव्हा दवाखान्याचा जिना कसा चढलात हो?"

"जिना? तिथे जिना होता?"

मागून आई कडाडली, "तीन मजले होते! दोन-दोन पायऱ्या गाळत पळाले आणि दाराबाहेर खांबासारखे उभे! धाप लागलेली लेकीला कळू नये म्हणून!"

"काहीतरीच! मी बूट पुसत होतो."

ताईंनी फोन ठेवला, पिशवी सोडून कोपऱ्यात भिरकावली.

"घ्या!"

धाड, धाड! फळी दणाणली. एक पाऊल अडखळलं, सावरलं, पुन्हा उधळलं. आणि एकदम सगळं थांबलं. एक क्षण, दोन, तीन. मग पायपुसण्यावर बूट हळूच घासले. एकदा. उगीचच परत एकदा.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट पडद्यावरच्या बंद दाराकडे बघत पुटपुटला, "आले."

पडद्यावर दार उघडलं. आजोबा अगदी शांत उभे होते, श्वाससुद्धा वर-खाली नाही. आणि माईकपाशी पावलंताई दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून, डोळे विस्फारून, त्यांची धाप आवरत होत्या.